रुपये देऊन पहिलं बिटकॉइन घेताना: आधी परतीची वाट बघून ठेवा

जून-जुलैत माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्यांत गेली काही वर्षं एक नवा वर्ग दिसतो. कागदपत्रांची पिशवी उघडायच्या आधीच ते फोन पुढे करतात आणि विचारतात, "ताई, यातलं काय दाखवावं लागतं?" कुणाकडे पाच हजारांचं बिटकॉइन असतं, कुणाकडे दोन लाखांची दहा-बारा वेगवेगळी नाणी. घेणं त्यांना दहा मिनिटांत जमलेलं असतं. मात्र ते पैसे परत बँकेत कसे येतात, वाटेत काय काय कापलं जातं आणि कर कशावर लागतो, हे बहुतेकांनी एकदाही करून पाहिलेलं नसतं.

म्हणून नव्या माणसाला मी एकच गोष्ट सांगते. पहिल्या महिन्यात नफ्याचा विचार करू नका, फक्त एक फेरी पूर्ण करा. दोन हजार रुपये बँकेतून एक्स्चेंजवर, म्हणजे अशी नाणी विकणाऱ्या कंपनीकडे, न्या, त्यांचं बिटकॉइन घ्या, चार दिवसांनी ते विका आणि रुपये परत आपल्या खात्यात आणा. ती रक्कम पासबुकात दिसेपर्यंत पुढचा एक रुपयाही टाकू नका. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका फेरीच्या आहेत.

सुरुवात करण्याआधी कायद्याचं बघू. भारतात क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइन आणि तसली इतर डिजिटल नाणी, घेणं हा गुन्हा नाही, पण क्रिप्टो हे चलनही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारने 'आभासी डिजिटल मालमत्ता' असं नाव देऊन यावर कर बसवला आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. पण शेअर बाजारावर जशी सेबी आहे तसा इथे कुणी रखवालदार नाही. बँक बुडाली तर ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा मिळतो, तसलंही इथे काही नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तो आपलाच रुपया आहे, त्याचा भाव वर-खाली होत नाही. "सरकारी क्रिप्टो आलंय" असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

किती पैसे टाकायचे? बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये साधारण ६९ हजार डॉलरवर होतं आणि बरोबर वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, १६ हजारांच्या खाली गेलं. म्हणजे लाखाचे पाऊण लाख गेले. पुढे भाव पुन्हा चढला हे खरं, पण त्या वर्षात ज्यांना मुलाची फी भरायची होती किंवा घराचा हप्ता चुकवायचा होता, त्यांना थांबायला सवड नव्हती. कर्ज काढून, सोनं गहाण टाकून किंवा एफडी मोडून इथे येऊ नका.

पहिली पायरी: एक्स्चेंज निवडणं

एक्स्चेंज म्हणजे रुपये घेऊन क्रिप्टो देणारी आणि क्रिप्टो घेऊन रुपये देणारी कंपनी. कॉइनडीसीएक्स, कॉइनस्विच, झेबपे, मुड्रेक्स ही त्यातली प्रचलित नावं. मी यातल्या कुणाचीही शिफारस करत नाही. कुठल्याही कंपनीबद्दल पहिला प्रश्न एकच विचारायचा: अर्थ मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे तिची नोंदणी आहे का? डिसेंबर २०२३ मध्ये या विभागाने बायनान्स, कुकॉइन अशा नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची अ‍ॅप्स भारतात बंद झाली. ज्यांचे पैसे तिथे होते त्यांची काय धावपळ झाली असेल याची कल्पना करा. त्यातल्या काही कंपन्या नंतर नोंदणी करून परत आल्या. आज कोण यादीत आहे आणि कोण नाही, हे त्या त्या दिवशीच तपासावं लागतं.

नोंदणी आहे म्हणजे पैसे सुरक्षित आहेत असं मात्र समजू नका. वझीरएक्स हे देशातलं मोठं नाव होतं. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या वॉलेटमधून (क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल पाकिटातून) सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्समध्येही चोरी झाली. ती कंपनीच्या स्वतःच्या खात्यातून झाली आणि ग्राहकांच्या पैशाला धक्का लागला नाही, असं कंपनीने सांगितलं. एक्स्चेंज ही तिजोरी नाही, दुकान आहे. सामान घ्यायला जायचं आणि घरी यायचं.

निवडताना तीन गोष्टी मी स्वतः बघते: रुपये बँकेत परत पाठवायला किती वेळ आणि किती शुल्क लागतं, घेतलेली क्रिप्टो स्वतःच्या वॉलेटवर बाहेर नेता येते का (काही ठिकाणी ती सोयच नसते) आणि वर्षअखेरीला सगळ्या व्यवहारांचा अहवाल डाउनलोड करता येतो का. जाहिरातीतला क्रिकेटपटू आणि पहिल्या खरेदीवरचं शंभर रुपयांचं बक्षीस यांकडे मी बघत नाही.

अ‍ॅप फक्त अधिकृत स्टोअरमधून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून कधीच नको. हुबेहूब तोच रंग, तेच चिन्ह असलेली बनावट अ‍ॅप्स असतात. त्यात आपला आकडा रोज वाढताना दिसतो आणि काढायला गेलं की "आधी कर भरा" असा निरोप येतो.

दुसरी पायरी: केवायसी, आणि नावाचा घोळ

पॅन, आधार, थेट कॅमेऱ्यासमोर सेल्फी आणि बँक खातं, एवढंच लागतं. खातं तपासायला एक्स्चेंज एक रुपया पाठवून त्यावरचं नाव बघतं. आपल्याकडे हमखास अडतं ते इथेच.

पॅनवर नाव 'संदीप रमेश पाटील', सहकारी बँकेच्या खात्यावर 'पाटील संदीप आर', आधारवर नुसतं 'संदीप पाटील'. माणूस एकच, पण यंत्राला ते तिघे वाटतात. बायकांचं तर याहून अवघड. पॅन माहेरच्या आडनावाचं, आधार सासरच्या, आणि बँकेचं खातं लग्नाआधीचं. असे अर्ज परत येतात आणि मग माणसं "तात्पुरतं" म्हणून नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यातून पैसे पाठवतात. तसं करू नका. एक्स्चेंज दुसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसे धरून ठेवतं आणि पुढे कराच्या हिशेबात ते कुणाचे हा वेगळाच वाद उभा राहतो. आधी पॅन आणि आधारवरचं नाव जुळवून घ्या, बँकेला अर्ज द्या. पंधरा दिवस गेले तर जाऊ द्या. बिटकॉइन २००९ पासून आहे, पंधरा दिवसांत कुठे पळून जात नाही.

माझा आणखी एक आग्रह असतो. पगार येतो ते किंवा हप्ते जातात ते खातं इथे जोडू नका. स्वतःच्याच नावाचं दुसरं साधं बचत खातं ठेवा. त्याचं कारण चौथ्या पायरीत येईल.

खातं उघडलं की पासवर्डच्या जोडीला दुसरं कुलूप लावा. एसएमएसवरच्या ओटीपीपेक्षा फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं, कारण सिमकार्डची नक्कल करून ओटीपी पळवता येतो. या खात्याचा ईमेलही वेगळा असावा आणि त्याला हेच कुलूप असावं.

तिसरी पायरी: रुपये टाकणं आणि खरेदी

कुठे यूपीआय चालतं, कुठे फक्त आयएमपीएस, एनईएफटी किंवा नेटबँकिंग. हे अधूनमधून बदलत असतं. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस या अमेरिकन एक्स्चेंजने भारतात यूपीआयची सोय जाहीर केली आणि काही दिवसांतच बंद केली, हे उदाहरण जुन्या लोकांना आठवत असेल. एक्स्चेंजने दाखवलेला खाते क्रमांक प्रत्येक वेळी अ‍ॅपमध्ये जाऊनच घ्या. मागच्या खेपेचा जपून ठेवलेला वापरू नका आणि कुणी 'सपोर्ट'वाल्याने चॅटमध्ये पाठवलेला तर मुळीच नको.

दोन हजार जमा झाले. आता काय घ्यायचं? पहिल्या फेरीला बिटकॉइन किंवा ईथर (इथेरियम नेटवर्कचं नाणं), बस्स. "अख्खं बिटकॉइन कुठून घेणार?" असं अनेकांना वाटतं आणि मग ते पैशाला खंडीभर मिळणाऱ्या अनोळखी नाण्याकडे वळतात. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, त्या भागाला सातोशी म्हणतात. भाव ८० लाख धरला तर दोन हजारांत २५ हजार सातोशी येतील. नाणं स्वस्त आहे म्हणजे त्याची किंमत वाढायला जागा आहे, हा हिशेब चुकीचा आहे. एकूण नाणी किती आहेत यावर सगळं ठरतं. बिटकॉइन कधीही २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत. त्या अनोळखी नाण्याची संख्या हजारो अब्जांत असू शकते.

खरेदीचं बटण दाबण्याआधी एक मिनिट थांबून पडदा नीट बघा. बहुतेक अ‍ॅपवर दोन वाटा असतात. एक 'झटपट खरेदी'ची, जी सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असते. दुसरी 'स्पॉट' किंवा 'ऑर्डर बुक'ची, जी दोन पानं आत असते. झटपट खरेदीत समजा भाव दिसतो ८० लाख ६० हजार. तसाच पुढे जाऊन त्याच क्षणी 'विक्री' उघडा. तिथे भाव असतो ७९ लाख ४० हजार. दोन हजारांचं घेऊन लगेच विकलं तर या फरकातच तीस रुपये जातात, आणि "शुल्क शून्य" असं लिहिलेलं असताना जातात. ऑर्डर बुकवर हिरव्या-लाल आकड्यांच्या दोन रांगा दिसतात. हिरव्या रांगेत घेणाऱ्यांचे भाव, लाल रांगेत विकणाऱ्यांचे. तिथे लिमिट ऑर्डर लावायची, म्हणजे "या भावाला मिळालं तरच घ्या" असं सांगायचं. शुल्क उघड दिसतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. शेअर घेतलेल्यांना हे नवं नाही. बाकीच्यांना पहिल्यांदा बिचकायला होतं, पण हेच शिकून घ्या.

फ्युचर्स, लिव्हरेज, मार्जिन असे शब्द त्याच पडद्यावर शेजारी असतात. तिथे दहापट उसनवारीवर खेळता येतं आणि भाव दहा टक्के फिरला की सगळे पैसे साफ होतात. त्या खिडकीत जाऊ नका.

चौथी पायरी: विकून पैसे घरी आणणं

चार दिवसांनी विका. भाव चढला की उतरला हे आत्ता महत्त्वाचं नाही. समजा शुल्क अर्धा टक्का आहे आणि भाव तसूभरही हलला नाही. घेताना दोन हजारांवर दहा रुपये शुल्क आणि एक रुपया ऐंशी पैसे जीएसटी. विकताना पुन्हा तेवढेच, शिवाय विक्रीच्या पूर्ण रकमेवर एक टक्का टीडीएस, म्हणजे वीस रुपये. खिशातून गेले २,०११.८० आणि परत आले १,९६८.२०. यातले वीस रुपये रिटर्न भरताना आपल्या नावे जमा मिळतात, बाकी खर्च. रोज घेणं-विकणं करणाऱ्यांच्या हातात काय उरत असेल ते यावरून दिसतं.

आता 'विथड्रॉ' दाबून रुपये आपल्या खात्यात मागवा. वेळ लिहून ठेवा. दोन तासांत आले की दोन दिवसांनी, कुणाला फोन करावा लागला का, हे सगळं त्या एक्स्चेंजबद्दल कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगतं.

टेलिग्रामवर किंवा पीटूपीच्या (एका ग्राहकाने थेट दुसऱ्याला विकायच्या) खिडकीत अनोळखी माणसाला विकून थेट यूपीआयवर पैसे घेण्याची वाटही तुम्हाला कुणीतरी दाखवेल. भाव दोन-तीन टक्के जास्त मिळतो, म्हणून मोह होतो. माझ्या एका अशिलाच्या मुलाने असे चाळीस हजारांचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं) विकले. पैसे लगेच आले. तीन आठवड्यांनी पेट्रोल पंपावर त्याचं पेमेंट अडलं. खातं गोठवलं होतं. ज्याने पैसे पाठवले त्याने ते दुसऱ्या राज्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाला फसवून मिळवले होते आणि सायबर पोलिसांनी त्या पैशाचा माग काढत या मुलाचं खातं बंद केलं होतं. पगार त्याच खात्यात. दोन महिने घराचा हप्ता वडिलांनी भरला. मुलाची चूक एवढीच की आलेला पैसा कुणाचा हे त्याने विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्याच्या आईला वाटत राहिलं, पण ज्याचे पैसे लुटले गेले तो म्हातारा माणूसही कुणाचा तरी बाप होताच. वेगळं खातं ठेवा असं मी म्हटलं ते यासाठी. "रिमार्कमध्ये क्रिप्टो लिहू नका" असं कुणी सांगितलं, तर तो व्यवहार तिथेच सोडून द्या.

पुढे जाऊन जास्त रक्कम ठेवायची असेल तर

वीस-पंचवीस हजारांपर्यंत नोंदणीकृत एक्स्चेंजवर ठेवायला माझी हरकत नसते. त्यापुढे स्वतःचं वॉलेट शिकून घ्यावं, शक्यतो हार्डवेअर वॉलेट. पेनड्राइव्हएवढं यंत्र असतं आणि ते सुरू करताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द देतं. ते शब्द हीच किल्ली. कागदावर लिहायचे, फोटो काढायचा नाही, गुगल ड्राइव्हवर ठेवायचे नाहीत, कुणाला सांगायचे नाहीत. शब्द हरवले तर जगातली कुठलीही कंपनी, कुठलंही न्यायालय ते परत देऊ शकत नाही.

क्रिप्टो वॉलेटवर पाठवताना आधी अगदी थोडी पाठवा, पोचली की मग बाकीची. पत्त्याची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरंच नव्हे, मधलीही ताडून बघा, कारण टोकं जुळणारे बनावट पत्ते मुद्दाम तयार केले जातात. नेटवर्कही दोन्हीकडे एकच हवं. यूएसडीटी ट्रॉन या नेटवर्कवर असतं, इथेरियमवरही असतं. चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेले पैसे बहुधा गेलेच समजा.

कर

यावर माझ्यासमोर माणसं रडलेली मी पाहिली आहेत, म्हणून थोडं सविस्तर. क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस लागतो. तुमचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी लागतो. विद्यार्थ्याला लागतो, गृहिणीलाही. विक्रीच्या रकमेतून फक्त खरेदीची किंमत वजा होते, इंटरनेटचं बिल किंवा शिकवणीची फी नाही. आणि सगळ्यांत जाचक नियम असा की एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

समजा दहा हजारांचं बिटकॉइन बारा हजारांना विकलं: नफा दोन हजार. दहा हजारांचं दुसरं एक नाणं सात हजारांना विकलं: तोटा तीन हजार. वर्षात तुम्ही एक हजाराने खाली आहात. तरीही त्या दोन हजारांवर सहाशे रुपये कर आणि चोवीस सेस, एकूण ६२४ रुपये द्यावेच लागतात. टीडीएस म्हणून १२० आणि ७० असे १९० आधीच कापलेले असतील, ते यातून वजा होतात. उरलेले ४३४ भरायचे.

एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरली जाते. रुपये हातात आले नाहीत म्हणून कर नाही, असं होत नाही. रिटर्नमध्ये यासाठी वेगळी जागा आहे, शेड्यूल व्हीडीए. आयटीआर-१ मध्ये ती नाही, त्यामुळे पगारदार माणसालाही आयटीआर-२ भरावा लागतो. टीडीएसची नोंद तुमच्या पॅनवर, २६एएस या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, आधीच पोचलेली असते. तेव्हा "एवढंसं तर आहे, कुणाला कळतंय" हा विचार सोडून द्या. पहिल्या व्यवहारापासून वही करा: तारीख, नाणं, किती, रुपयांत किंमत, शुल्क, टीडीएस. उद्या एक्स्चेंज बंद पडलं आणि अहवाल मिळाला नाही, तर खरेदीची किंमत दाखवायला हीच वही कामाला येते.

महिन्याला ठरावीक परतावा देतो असं म्हणणाऱ्याला एक दमडीही देऊ नका, मग तो नात्यातला असो की गावातला. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दर महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असं सांगितलं जात होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी ते प्रकरण उघडलं तेव्हा त्यात नोकरदार, निवृत्त, सगळे होते. आणि बहुतेकांना त्यात ओळखीच्याच माणसाने आणलं होतं. फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. पैसे सोडवून देतो म्हणून आगाऊ फी मागणारे नंतर येतात, ते दुसरे चोर.

शेवटचं काम फेरी पूर्ण झाल्यावर त्याच संध्याकाळी करा. एका कागदावर लिहा: कुठल्या एक्स्चेंजवर खातं आहे, कुठला ईमेल, कुठला मोबाइल नंबर, कुठलं बँक खातं जोडलंय, वही कुठे आहे. पासवर्ड लिहू नका. वॉलेटचे बारा-चोवीस शब्द असतील तर तेही यावर नकोत, ते कुठल्या कपाटात आहेत एवढंच. हा कागद एलआयसीच्या पॉलिसी आणि घराच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एका माणसाला ती फाइल उघडून दाखवा.